विहिरीचा ताप

मी सत्तावीस वर्षांची होते तेव्हा एका विहिरीचा ताप न बघताच अकरा दिवस वहीत लिहून ठेवला. विहिरीला कसला आलाय ताप, असं तुम्हाला वाटेल. तेव्हा मलाही तसंच वाटायचं, म्हणून तर ते केलं. गणितात पहिली आलेली, चाकूरच्या शाळेत नवीनच लागलेली, पदराला पिनेवर पीन लावणारी मी. जगातलं सगळं आपल्याला येतं, राहिलेलं फक्त शिकवायचं, असं वाटण्याचं ते वय. ती बाई आज रस्त्यात भेटली तर आधी तिचा कान पिळीन आणि मग तिच्याच खर्चानं चहा पिईन.

चाकूरच्या बाहेर बिराजदार मामांच्या शेतात एक जुनी बारव आहे. एकतीस पायऱ्यांची विहीर. आमच्या शाळेत भूगोल शिकवणारे सोनकांबळे सर रोज सकाळी सातला त्या बारवेत उतरायचे. हातात वेळूची नळी, नळीत कापसात गुंडाळलेला थर्मामीटर. त्याच्या पाऱ्याच्या गोळीवर त्यांनी मेणाचा जाड थर दिला होता, म्हणजे वर ओढताना पारा हलू नये. शेवटच्या पायरीवर बसून दोरीनं तो झऱ्यापर्यंत सोडायचा, अर्धा तास गप्प बसायचं, मग ओढून वाचायचा. वाचताना सर श्वास रोखून धरत. आपल्या श्वासाची ऊब आकड्याला लागू नये म्हणून. किती अंश आणि त्याच्यावर किती बारीक रेघा, एवढंच वहीत लिहायचं; दहा रेघांचा एक अंश. मी शाळेत लागले तेव्हा बारा वर्षं झाली होती. एक दिवस खाडा नव्हता.

मामा लिंबाखाली बसून रोज तोच टोमणा मारायचे, "काय डॉक्टर, उतरला का ताप?"

सर तेवढ्याच गंभीरपणे सांगायचे, "उतरला न्हाई मामा. चढला बी न्हाई."

उंच, वाळकी अंगकाठी, पांढरा शर्ट, खिशात खडू आणि पोरांकडून जप्त केलेले दोन-चार भोवरे. आवाज इतका हळू की वर्गाला ऐकायसाठी गप्प बसावंच लागे. तेवढी शांतता मला छडी आपटूनही आणता आली नाही. त्यांच्या मंडळी, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, मोठ्या हसऱ्या. त्या सांगायच्या, लग्नाच्या दिवशी वऱ्हाड गावात शिरलं तर नवरदेव पांढऱ्या कपड्यांत विहिरीच्या पायऱ्या उतरताना दिसला. माहेरच्या माणसांना वाटलं, पोरगी पसंत नाही म्हणून जीव द्यायला चालला. नवरीचे दोन्ही मामा धावत गेले. खालून आवाज आला, "थांबा, अजून दहा मिनिटं हाय."

हे वेड कशापायी, असं मी एकदा विचारलं होतं. खरं तर हसायसाठीच विचारलं होतं. सर म्हणाले, "बाई, ह्या पाण्याला माझ्या आज्याला हात लावू दिला न्हाई. त्या पाण्याचं अंग थंड हाय का गरम, ते मी रोज बघतो." मी हसू गिळलं. पण गिळलं म्हणजे विसरले नव्हते. माहेरी आमची स्वतःची विहीर होती, आणि तिच्यावर कुणाकुणानं यायचं नाही हे मला लहानपणापासून पाठ होतं. पाठ असलेल्या गोष्टीचा अर्थ कळायला मला फार वर्षं लागली.

पहिल्याच वर्षी ते नववीचा वर्ग घेऊन बारवेत उतरले आणि मलाही बरोबर घेतलं. अर्ध्यावर थांबले. भिंतीत वर काळा दगड, खाली काळा दगड, आणि मधे हातभर रुंदीचा लाल मातीचा पट्टा. सर म्हणाले, हात लावा सगळ्यांनी. मी लावला. चैत्राचं ऊन वर रणरणत होतं आणि तो पट्टा ओलसर, गार. बोटं नाकाशी नेली तर अंगणात सडा घातल्यासारखा वास.

सरांनी सांगितलं ते असं. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि दगडाचा रस वर आला, कोसच्या कोस पसरला, थिजला. खालचा काळा दगड तो. मग पृथ्वी हजारो वर्षं गप्प बसली. दगड झिजला, त्याची माती झाली, तिच्यावर काहीबाही उगवलं. मग पुन्हा भेग पडली आणि वरचा दगड आला. "ही लाल माती म्हंजे मधल्या काळातलं अंगण हाय," ते म्हणाले. "हिच्यावर पाऊस पडलेला हाय. ऐकायला कुणी नव्हतं."

मी हळूच हात काढून घेतला. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं झालं मला, आणि घरातलं माणूस कुठंतरी असल्यासारखं.

सर पुढं सांगत होते. दगडाबरोबर वाफा आल्या, धूर आला. धुळीनं आधी आभाळ झाकलं, गारठा पडला. मग धूळ बसली आणि वायू वरच राहिला, त्यानं ऊब धरली. जगाची हवाच पालटली. एका मुलीनं विचारलं, सर, ते परत येईल का? सर थोडा वेळ पट्ट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दगड येणार न्हाई. पण हवा बदलायला दगडच लागतो असं न्हाई. धूर पुरतो."

मग तो वैशाख आला. वहिनींचं ऑपरेशन नांदेडला ठरलं. अकरा दिवस सर जाणार होते. त्यांनी वही, नळी आणि दोरी माझ्या हातात दिली, कारण माझी खोली शेताच्या सगळ्यात जवळ होती, आणि कारण मीच स्टाफरूममध्ये फुशारकी मारली होती की आकड्यांच्या बाबतीत माझी चूक होत नाही. जाताना ते दोनदा मागं वळून म्हणाले, "बाई, एक दिवस बी सोडू नका." आजारी बायकोच्या काळजीत माणूस विहिरीची काळजी करतो, याचं मला हसू आलं होतं.

पहिल्या दिवशी मी गेले. खरंच गेले. मामा लिंबाखाली नव्हते. पायऱ्या उतरताना वरचं ऊन, पाखरांचा आवाज, सगळं एकेका पायरीला मागं राहत गेलं. सातव्या पायरीवर पाय ठेवला आणि खालून आवाज आला. गुडगुड नव्हे, कुणीतरी फार मोठं जातं एकदा ओढावं आणि थांबावं, तसा. पायांतून वर आला. पाण्यावर वारा नव्हता, तरी मधोमध एक वर्तुळ उठलं आणि काठाकडे सरकलं. जमिनीतून असे आवाज आमच्या भागात होतात, हे मी विज्ञानाच्या तासाला शिकवत होते. शिकवणं वेगळं असतं. मी वळले आणि वर येईपर्यंत मागं बघितलं नाही. डाव्या पायातली चप्पल राहिली. ती आणायला जायची छाती झाली नाही. उरलेल्या दिवसांत त्या शेताकडे तोंडसुद्धा केलं नाही.

पण वही तर भरायची होती. मी खोलीत बसून विचार केला, बाहेर आग पेटली आहे तर पाणी थोडं कोमट असणारच. मागचं पान उघडून बघायचं तरी. तेवढीही तसदी घेतली नाही. सत्तावीस अंश लिहिले, माझं वय सत्तावीस म्हणून. वर चार रेघा दिल्या, घरात आम्ही चार माणसं म्हणून. दहा दिवस तेच. अकराव्या दिवशी सर संध्याकाळी येणार होते, मला घाई होती, तर लिहून टाकले तीस. गोल दिसतो आकडा. बाकी काही नाही.

सर आले, दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गेले, आणि शाळा भरल्यावर माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. उघडलं तर चप्पल. "सातव्या पायरीवर होती," ते म्हणाले. मी लगेच म्हणाले, हो, कालच राहिली बघा सर, घाईत. चप्पल सरळ केली तर आत अंगठ्याच्या जागी कोळ्यानं जाळं विणलेलं होतं, आणि चांगला पोसलेला कोळी मधोमध बसलेला. आम्ही दोघांनी त्याच्याकडे बघितलं.

"बरं," सर म्हणाले, आणि वर्गावर गेले.

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. माझ्याशी वागणंही बदललं नाही. ओरडले असते तर मी दोन दिवस रडून मोकळी झाले असते. तेवढी सोय त्यांनी मला दिली नाही.

पुढं एका डिसेंबरात त्यांनी सायकलवर घरच्या वाकळी लादून आणल्या. सकाळचा वर्ग, गारठा, शोभा नावाची पोरगी कुडकुडत होती. तिला पुढं बसवून तिच्यावर एक वाकळ टाकली. विचारलं, बरं वाटलं? हाव सर. वाकळ गरम होती का गं? न्हाई सर, गारच होती. मग ऊब कुठनं आली? शोभानं विचार करून सांगितलं, माझीच हाय. सर खूष झाले. वाकळ आग लावत नाही, असलेली ऊब जाऊ देत नाही. कोळसा, तेल जाळून आपण पृथ्वीवर तेच टाकायला लागलोय. मग दुसरी टाकली, तिसरी, चौथी. पोरं हसत होती. शोभा हसायची थांबली, म्हणाली, सर, काढा आता. सर खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले. ती पुन्हा म्हणाली. मी दारात होते, मला वाटलं जावं पुढं. पोरांचं हसू विरलं. मग सरांनी सावकाश एकेक वाकळ काढली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुला काढा म्हणता आलं." आणि वाकळींच्या घड्या घालत बसले.

त्याच सुमारास आमचे हेडसर एकदा चहाला म्हणाले, हवामान पहिल्यापासनं बदलतंच आलंय की, सोनकांबळे, तुम्ही कशाला त्या विहिरीची उठाठेव करायलाव. सरांनी खिशातला भोवरा काढून टेबलाच्या काचेवर फिरवला. आधी ताठ, मग मंदावला तसा डुलायला लागला. पृथ्वी बी अशीच डुलते, ते म्हणाले. एक डुलकी पुरी व्हायला हजारो वर्षं जातात, त्यानंही बर्फ येतो नि जातो, ते खरंच आहे. सूर्यही थोडा कमीजास्त होतो, पण त्याला मोजणारे मोजून राहिलेत, एवढा फरक त्यांना घावला न्हाई. बाहेर आज ऊन किती ते कुणीही सांगेल. विहिरीला एका दिवसाचं कळत नाही, तिला वर्षांचं कळतं. मग आवाज आणखी हळू करून म्हणाले, "सर, डुलकीनं बदलतं ते पणज्याच्या पणज्याला बी कळत न्हाई. पण माझ्या नोकरीतच एक रेघ चढली. ही कुणी चढवली?"

भोवरा टेबलाच्या कडेवरून खाली पडला. तो उचलायला कुणी वाकलं नाही.

मी मात्र वेगळ्याच कारणानं घामेजले होते. एका रेघेसाठी हा माणूस इतकी वर्षं श्वास रोखून बसला होता, आणि त्याच्या वहीत मी माझं वय लिहून ठेवलं होतं.

यजमानांची बदली झाली तशी मी नांदेडला आले, शाळा बदलली, पोरं मोठी झाली. दरवर्षी वैशाखात सरांचं एक पोस्टकार्ड यायचं. मजकूर एवढाच: सव्वीस, चार रेघा. प्रकृती बरी. कुणाची प्रकृती, ते कधी लिहिलं नाही. घरचे हसायचे, आईच्या मास्तरांचं तापपत्र आलं म्हणून. मीही हसायचे. सव्वीस, पाच. काही वर्षं तिथंच थांबायचं, कधी एक रेघ उतरायचंही, तेव्हा माझा जीव खाली पडायचा. मग सव्वीस, आठ. ज्या वर्षी नुसतंच 'सत्तावीस' आलं, त्या वर्षी मी कार्ड भिंतीवर लावलं नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवलं. कारण मला कळलं होतं ते कुठं चाललंय. कुणीतरी एकेक पायरी चढत आपल्याच खोलीकडे येत असावं, सावकाश, वर्षाला एखादी पायरी, आणि आपण दाराची कडी बघत बसावं, तसे वैशाख जायला लागले. पुढं पुढं अक्षर वाकडं होत गेलं. मग कार्डं थांबली.

गेल्या वैशाखात करुणाचा फोन आला. करुणा म्हणजे सरांची मुलगी, तीही चाकूरलाच शिक्षिका. वहिनी गेल्या त्याला काही वर्षं झाली होती, सरांची नजर जवळजवळ गेली होती. नांदेडच्या एका कॉलेजातल्या मॅडमना सगळ्या वह्या उतरवून हव्या होत्या. इतक्या वर्षांचा सलग आकडा या भागात दुसरीकडे मिळत नाही, म्हणाल्या. बाबा म्हणतात, वाचून दाखवायला बाईच पाहिजेत. येता का मावशी?

नाही म्हणायला मी तीन कारणं शोधली, तिन्ही चांगली होती. मग बसमध्ये बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच आम्ही बारवेच्या काठावर बसलो. मामा केव्हाच गेलेले. त्यांच्या सुनेनं लिंबाखाली खुर्च्या टाकल्या, चहा दिला. सर ऐंशीचे, शर्ट तसाच पांढरा, आत माणूस अर्धा उरलेला. डोळ्यांवर काळा चष्मा. एक हात बारवेच्या दगडावर टेकलेला. रोज सातला आता करुणा उतरते आणि तिच्या पावलांवरून सर पायऱ्या मोजतात.

सुरुवातीच्या वह्या करुणानं आधीच उतरवल्या होत्या; पुढची मी वाचायला लागले, ती लिहून घ्यायला लागली. सव्वीस, दोन. सव्वीस, दोन. सव्वीस, तीन. ऐकताना सर ओठ हलवत होते. त्यांना पाठ होतं सगळं. आणि मग पान उलटलं तर समोर माझं अक्षर. गोल, टपोरं, स्वतःवर खूष असलेलं अक्षर. मी थांबले.

सरांना दिसत नव्हतं. करुणा वहीत मान घालून होती. 'सव्वीस, तीन' असं अकरा वेळा म्हणून टाकलं असतं तर ते खऱ्याच्या जवळचंही झालं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. तोंड उघडलंसुद्धा. सांगते ते खरं सांगते, 'सव्वीस' इतकं म्हणून झालं होतं.

तेवढ्यात शेऱ्याच्या रकान्याकडे नजर गेली. एरवी तिथं ढग, वारा, झऱ्याला पाणी कमी, असं काहीबाही असायचं. त्या अकरा दिवसांना कंस करून सरांनी बारीक पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला होता: चप्पल.

मला हसू आलं. ते हसू कुठं जाऊन पोचलं ते मला कळलं नाही, करुणानं पाण्याचा तांब्या पुढं केला. मग मी सगळं सांगितलं. आवाज, वर्तुळ, पळणं, खोलीत बसून लिहिलेलं वय, घरातली चार माणसं, गोल दिसणारे तीस. म्हणाले, सर, तुमची सलग वही मी तोडली, मॅडमना हेही लिहून द्या, माझं नाव घालून.

सरांचा दगडावरचा हात नुसता फिरत होता. मग म्हणाले, "करुणा, ह्या महिन्यातलं वाच. कालपर्यंतचं."

करुणानं चालू वही उघडली. तेच दिवस, वैशाखातले. सत्तावीस, चार रेघा. सत्तावीस, चार रेघा. ती सरळ शिक्षिकेच्या आवाजात वाचत गेली आणि मी बोटांवर मोजत गेले. दहा झाले. पुढची ओळ कोरी होती, आजची. तिला काय वाचतोय ते मधेच कधीतरी उमगलं असावं. तिनं माझ्याकडे बघितलं, वही मिटली, वेळूची नळी उचलली आणि पायऱ्या उतरायला लागली.

सर कान देऊन पावलं मोजत होते. सातवी पायरी गेली. ऊन चढत होतं, लिंबात एक पाखरू नव्हतं. खालून तिची चाहूल येईनाशी झाली तशी मी हळूच विचारलं, सर, रागावलात का?

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. वाचताना धरायचे तसा श्वास धरून ठेवला होता, तो सोडला.

"न्हाई बाई. तुम्ही खोटं लिहिलं नव्हतं, लवकर लिहिलं होतं. दहा झाले. अकरावा तेवढा राहिला."